पांढऱ्या पेशींचा स्कॅन आणि अपेंडिक्सचे घड्याळ

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पोटात उजव्या बाजूला दुखते, सोनोग्राफीत नक्की काही कळत नाही, डॉक्टर 'थोडे थांबून बघू' म्हणतात आणि घरचे लोक मोबाइलवर शोधाशोध सुरू करतात. त्यात कुठेतरी 'न्यूक्लिअर स्कॅन' सापडतो, आणि आमच्या माणसाचा तो का केला नाही, अशी विचारणा होते. विचारणा रास्त आहे. अणुवैद्यक विभागात काम करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन असे आम्ही काही जण मिळून तिचे उत्तर देत आहोत. ते थोडे लांबेल, कारण खरी मेख तपशिलात आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सुजलेले अपेंडिक्स या स्कॅनमध्ये दिसते, त्यामागचे शास्त्र पक्के आहे. पण तीव्र अपेंडिसायटिसमध्ये (अपेंडिक्सला अचानक आलेल्या सुजेत) प्रत्येक चाचणीची किंमत तासांतही मोजावी लागते, आणि त्या हिशेबात हा स्कॅन बहुतेक रुग्णांसाठी मागे पडतो. थोड्या रुग्णांना मात्र तो खरोखर उपयोगी ठरतो.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन अपेंडिक्सचा आकार, भिंतीची जाडी आणि भोवतीची सूज दाखवतात. अणुवैद्यक चाचणीत आकार पाहायचा नसतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून कुठे जात आहेत, ते पाहायचे असते. अपेंडिक्सच्या भिंतीला जंतुसंसर्ग झाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. रुग्णाच्याच रक्तातून या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य चिकटवायचे, पेशी परत शिरेतून द्यायच्या आणि गॅमा कॅमेऱ्याखाली त्यांचा माग काढायचा. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे आणि त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. कॅमेऱ्याला ही ऊर्जा सोयीची पडते, आणि २४ तासांनी शरीरात मूळ मात्रेच्या सोळाव्या हिश्श्याहूनही कमी उरते.

कागदावर हे सुटसुटीत दिसते, प्रयोगशाळेत तसे नसते. प्रौढ रुग्णाचे साधारण ५० मिली रक्त जाड सुईने, सावकाश घ्यावे लागते. बारीक सुईतून जोरात ओढले तर पेशी दुखावतात, आणि दुखावलेल्या पेशी परत दिल्यावर सुजेकडे जाण्याऐवजी फुप्फुसात आणि यकृतात अडकून बसतात. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये आधी एसीडी द्रावण भरलेले असते. मग हायड्रॉक्सिएथिल स्टार्च मिसळून सिरिंज उभी ठेवायची. अर्ध्या ते एका तासात लाल पेशी खाली बसतात आणि वर पांढऱ्या पेशींचा गढूळ थर राहतो. ही पायरी ढकलून लवकर उरकता येत नाही. घाईत लाल पेशी सोबत आल्या तर त्यांनाही टेक्नेशियम चिकटते, आणि पुढे चित्रात ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या चमकत राहतात, नेमक्या आपल्याला जिथे पाहायचे आहे तिथेच. वरचा थर सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) १५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट बलाच्या, हलक्या वेगाने ५ मिनिटे फिरवला की तळाशी पेशींची लहानशी गोळी जमते.

आता एचएमपीएओ नावाचे औषध लागते. ते तेलात विरघळणारे असल्याने टेक्नेशियमला पेशीच्या आवरणातून आत नेते. पण ते नाजूक आहे. जनरेटरमधून (ज्या उपकरणात टेक्नेशियम तयार होत राहते त्यातून) काढलेले टेक्नेशियम २ तासांपेक्षा शिळे नको, जनरेटरमधून त्याआधीच्या २४ तासांत एकदा तरी टेक्नेशियम काढलेले हवे, आणि औषध तयार झाल्यावर अर्ध्या तासात वापरले पाहिजे. उशीर झाला की त्याचे रूप पालटते आणि ते पेशीत शिरतच नाही. सोमवारी सकाळी हे हमखास अडते. शनिवार-रविवार जनरेटरला हात लागलेला नसतो, म्हणून पहिल्यांदा काढलेले टेक्नेशियम बाजूला ठेवून काही तासांनी पुन्हा काढावे लागते. औषध आणि पेशी १० मिनिटे एकत्र ठेवायच्या, रुग्णाच्याच प्लाझ्माने धुवायच्या आणि किती टक्के द्रव्य पेशींना चिकटले ते मोजायचे. ४० ते ८० टक्के आले तर काम नीट झाले. एवढ्यात दोन ते अडीच तास जातात, आणि अजून एकही चित्र काढलेले नसते.

या कामात एक चूक अक्षम्य असते, एकाच्या पेशी दुसऱ्याला देण्याची. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने अणुवैद्यक विभागांतल्या अशा घटना जाहीर केल्या होत्या. त्यांत एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्ताचा अंश चुकून दुसऱ्या रुग्णाच्या शिरेत गेला होता. म्हणून निर्जंतुक कपाटात एका वेळी एकाच रुग्णाचे रक्त, प्रत्येक नळीवर नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि परत देताना दोन जणांनी रुग्णाला नाव विचारून केलेली पडताळणी, यात कुठेही सवलत नाही. रात्री दोन वाजता एकटा तंत्रज्ञ बोलावून हे काम उरकू नये, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

पेशी दिल्यावर अर्ध्या तासाने, एका तासाने आणि दोन तासांनी चित्रे घेतात. समोरून, तिरप्या कोनांतून आणि ओटीपोटाचे खालून. अपेंडिक्स सुजलेले असेल तर उजवीकडे खाली एक ठळक ठिपका दिसतो आणि प्रत्येक पुढच्या चित्रात तो गडद होत जातो. तुलना कंबरेच्या हाडातल्या मज्जेशी करतात, कारण निरोगी माणसाच्या मज्जेतही या पेशी जातात. खरा सापळा इथून पुढे आहे. एचएमपीएओचा काही अंश पेशींतून सुटतो. त्यातला काही पित्तावाटे आतड्यात उतरतो आणि काही मूत्रावाटे मूत्राशयात. दोन तासांच्या पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात त्याची चमक येऊ लागते, मुलांत कधी त्याआधीही. अपेंडिक्स त्याच कोपऱ्यात असते. म्हणून उशिरा, चार तासांनी घेतलेल्या एकट्या चित्रावर निदान करणे धोक्याचे. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावे लागते: ठिपका जागेवर राहून गडद होत असेल तर सूज, पुढे सरकला असेल तर आतड्यातला रस. भरलेले मूत्राशय ओटीपोटातल्या अपेंडिक्सला झाकून टाकते, म्हणून प्रत्येक चित्राआधी लघवीला पाठवायचे. रुग्ण दुखण्याने वाकलेला असतो, चालवत नाही, तेव्हा हे टाळले जाते आणि चित्र वाया जाते. सोबत कमी मात्रेचा सीटी जोडणारा कॅमेरा असेल तर ठिपका नेमका कुठल्या अवयवावर आहे ते कळते. नसेल तर अनुभवावर भिस्त.

ठिपका दिसला म्हणजे अपेंडिक्सच, असेही नाही. क्रोन्सचा आजार (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह), लहान आतड्याच्या टोकाची जंतुसंसर्गाने आलेली सूज, गर्भनलिकेतला पू, आतड्याच्या पिशवीची सूज, अलीकडच्या शस्त्रक्रियेची जखम, सगळीकडे पांढऱ्या पेशी जातातच. याउलट अपेंडिक्स पार सडले असेल तर तिथे रक्तच पोहोचत नाही, मग पेशी कुठून पोहोचणार? सर्वांत गंभीर रुग्णात ठिपका फिका असू शकतो, हे विसरता कामा नये. दुखणे अगदी सुरुवातीचे असेल, किंवा केमोथेरपीमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली गेल्या असतील, तरी उत्तर फसवे येते. तरुण स्त्रियांत तर आणखी दक्षता हवी. उजव्या बाजूचे दुखणे गर्भनलिकेतल्या गर्भाचे किंवा पीळ पडलेल्या अंडाशयाचे असू शकते. त्या दोन्हींत तास नव्हे, मिनिटे मोलाची असतात, आणि हा स्कॅन त्यांचे निदान करत नाही. लघवीची गर्भचाचणी आणि सोनोग्राफी आधी, बाकी सगळे नंतर.

पेशी वेगळ्या काढण्याचा हा खटाटोप टाळता येईल का, याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. फॅनोलेसोमॅब या प्रतिपिंडाला टेक्नेशियम जोडून ते थेट शिरेत द्यायचे, ते रक्तातल्या न्यूट्रोफिलवरच्या सीडी-१५ या रेणूला जाऊन चिकटायचे. न्यूट्रोस्पेक या नावाने जुलै २००४ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, आणि तीही नेमकी याच कामासाठी: पाच वर्षांवरील ज्या रुग्णांत अपेंडिसायटिसची लक्षणे संदिग्ध आहेत त्यांच्यासाठी. रक्त काढणे नाही, सेंट्रिफ्यूज नाही, तासाभरात चित्र. पण डिसेंबर २००५ मध्ये ते बाजारातून थांबवावे लागले. औषध दिल्यापासून काही मिनिटांत श्वास अडकणे, रक्तदाब कोसळणे, हृदय बंद पडणे अशा घटना घडल्या. २ मृत्यू आणि जिवावर बेतलेल्या आणखी १५ घटनांची नोंद झाली. यांतल्या बहुतेक रुग्णांना आधीपासून हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार होता. ज्या आजाराचे निदान सोनोग्राफीने आणि सीटीने होऊ शकते, त्याच्या निदानासाठी असा धोका पत्करणे कोणालाच मान्य होणार नव्हते. तो निर्णय योग्य होता. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत या औषधाची स्तुती अजून सापडते, म्हणून ही हकीगत मुद्दाम लिहिली.

इतर द्रव्यांचे काय? गॅलियम-६७ पूर्वी जंतुसंसर्ग शोधायला वापरत, पण त्याची चित्रे एक-दोन दिवसांनी घ्यावी लागतात आणि ते आतड्यातूनच बाहेर पडते. तीव्र अपेंडिक्सला त्याचा काही उपयोग नाही. इंडियम-१११ लावलेल्या पेशी आतड्यात झिरपत नाहीत ही मोठी सोय, पण चित्र धूसर येते आणि थांबावे लागते फार. पेट-सीटीत, म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज देऊन केलेल्या स्कॅनमध्ये, सुजलेले अपेंडिक्स चमकते खरे. मात्र निरोगी मोठे आतडेही, विशेषतः उजवा भाग, ग्लुकोज ओढून घेते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे तर अख्खे आतडे उजळते. कॅन्सरच्या रुग्णाच्या पेट-सीटीत अचानक अपेंडिक्स पेटलेले दिसले तर सर्जनला कळवावे. केवळ अपेंडिक्ससाठी पेट मागवू नये.

आता घड्याळाकडे येऊ. रक्त घेण्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत, सगळे सुरळीत झाले तर चार ते पाच तास. या पाच तासांत दुसरे काय करता येते? अनुभवी सर्जनने दर काही तासांनी पोट पुन्हा तपासणे, सहा तासांनी पांढऱ्या पेशींची मोजणी पुन्हा करणे आणि गरज पडली तर सोनोग्राफीही पुन्हा करणे. अपेंडिसायटिसची शक्यता गुणांत मोजणारे आल्व्हाराडो गुणांकन १९८६ पासून वापरात आहे. लक्षणे, पोटाची तपासणी, ताप आणि रक्त यांना मिळून १० गुण. ५ किंवा ६ गुणांवर अडकलेला रुग्ण सहा तासांत बहुधा एका बाजूला झुकतो: दुखणे उजवीकडे खाली एकवटते, नाहीतर ओसरते. या थांबण्याला निष्काळजीपणा समजू नये. फिनलंड आणि नॉर्वेत झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परफेक्ट या चाचणीत फुटण्याची चिन्हे नसलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया ८ तासांत आणि २४ तासांत करून पाहिली, आणि फुटण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पण हे रुग्णालयात, देखरेखीखाली थांबण्याबद्दल आहे. घरी गोळ्या खाऊन दीड-दोन दिवस काढणे ही वेगळी गोष्ट, आणि लहान मुलांत तर अपेंडिक्स फार लवकर फुटते.

सोनोग्राफीच्या अहवालाबद्दल एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावी, असे आम्हाला कळकळीने वाटते. 'अपेंडिक्स दिसले नाही' आणि 'अपेंडिक्स दिसले, ते निरोगी आहे' ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. नीट केलेल्या तपासणीत डॉक्टर उच्च वारंवारितेचा सरळ प्रोब घेऊन दुखऱ्या जागी हळूहळू दाब वाढवत नेतात. त्याने आतड्यातला वायू बाजूला सरकतो आणि एका टोकाला बंद असलेली नळी समोर येते. दाबल्यावर ती चपटी होत नसेल आणि बाहेरून बाहेर ६ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सूज धरायची. ही पद्धत पुइलार्ट या डच तज्ज्ञाने १९८६ मध्ये मांडली. स्थूल रुग्णात, वायू फार असेल तर, किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडले असेल तर ते सापडत नाही. तेव्हा पुढची पायरी सीटी. गरोदर स्त्रीसाठी शक्य तिथे एमआरआय, तोही गॅडोलिनियमशिवाय (चित्र उठावदार करण्यासाठी शिरेतून देतात त्या द्रव्याशिवाय).

सीटीच्या किरणांना घाबरून अणुस्कॅन मागणाऱ्यांनी आकडे पाहावेत. ३७० मेगाबेकरेल, म्हणजे १० मिलिक्युरी, इतक्या मात्रेच्या पेशींच्या स्कॅनमध्ये प्रौढाला साधारण ४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ७ ते १०. पण दक्षिण कोरियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २ मिलिसिव्हर्टच्या सीटीने अपेंडिक्सचे निदान नेहमीच्या सीटीइतकेच चांगले झाले. किरण कमी हवे असतील तर मागणी कमी मात्रेच्या सीटीची करावी. सीटीचा आणखी एक फायदा पेशींच्या स्कॅनला कधीच देता येणार नाही: अपेंडिक्सच्या तोंडाशी अडकलेला खडा सीटीत दिसतो. शस्त्रक्रिया न करता अँटिबायोटिकवर राहायचे की नाही, हा निर्णय त्यावर बराच अवलंबून असतो. अँटिबायोटिक आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या २०२० च्या कोडा चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी ९० दिवसांत २९ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया लागली. खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते, नसलेल्यांत २५. पांढऱ्या पेशींच्या चित्रात खडा दिसत नाही, अपेंडिक्स फुटले आहे का तेही स्पष्ट कळत नाही.

पुरवठ्याची बाजूही आहेच. टेक्नेशियम मिळते मॉलिब्डेनम-९९ पासून, आणि मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तास. नव्या मुंबईत वाशीला असलेल्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून किंवा आयात होऊन जनरेटर येतो. पाच दिवसांनी त्याची ताकद २८ टक्क्यांवर आलेली असते. हृदय, हाडे आणि मूत्रपिंडाचे ठरलेले स्कॅन उरकता उरकता आठवडा संपत येतो, तेव्हा पेशींसाठी लागणारे ताजे आणि पुरेसे टेक्नेशियम उरेलच असे नाही. मे २००९ मध्ये कॅनडाची एनआरयू अणुभट्टी बंद पडली आणि जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली. किती थोड्या अणुभट्ट्यांवर हे सगळे उभे आहे ते तेव्हा कळले.

मग हा स्कॅन करायचा कधी? रुग्णाची प्रकृती स्थिर आहे, पोट ताठ झालेले नाही, सोनोग्राफी आणि सीटी दोन्हींनी निर्णय होत नाही किंवा सीटी शक्य नाही, निरीक्षणानंतरही शंका कायम आहे, आणि दिवसाची वेळ असून पेशी तयार करणारी मंडळी हजर आहेत. या सगळ्या अटी जुळल्या तर जरूर करावा. दुसरे, अपेंडिक्स फुटून आत पू साठलाय का, किंवा शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने ताप का येतोय, असे रेंगाळलेले प्रश्न. तिथे तासांची घाई नसते, आणि हेच तंत्र तिथे फार चांगले काम करते. मात्र ताज्या जखमेची आणि गळवाची चमक वेगळी ओळखायला जोडलेला सीटी हवाच. तसेच लहान मुलाला पोटदुखीसोबत शौचावाटे बरेच रक्त जात असेल तर मेकेल्स डायव्हर्टिक्युलमचा (लहान आतड्यावरच्या जन्मजात पिशवीचा) टेक्नेशियम स्कॅन विचारात घ्यावा. त्यात पेशी काढाव्या लागत नाहीत आणि तो तासाभरात होतो.

स्कॅन ठरलाच तर नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पेशी याच रुग्णालयात तयार होणार की रक्त दुसरीकडे पाठवणार? पहिले चित्र किती वाजता मिळेल? आणि मधल्या काळात दुखणे वाढले, ताप चढला, पोट ताठ झाले तर स्कॅन अर्धवट सोडून शस्त्रक्रियेला नेण्याचा निर्णय कोण घेणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने मिळायला हवे. टेक्नेशियम अंगात असताना शस्त्रक्रिया करायला अडचण नसते. शस्त्रक्रिया कक्षातल्या मंडळींना मिळणारी मात्रा अगदी किरकोळ असते, नेहमीचे हातमोजे पुरतात, रक्ताने भिजलेले कापड तेवढे वेगळ्या पिशवीत ठेवून क्षय होईपर्यंत बाजूला ठेवायचे.

अणुवैद्यक विभाग असलेल्या रुग्णालयांकडे आमची एक मागणी आहे. पांढऱ्या पेशींचा स्कॅन कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत होऊ शकतो, ताजे टेक्नेशियम केव्हा उपलब्ध असते आणि फोन कोणाला करायचा, हे लिहून अपघात विभागात आणि सर्जरीच्या वॉर्डात लावावे, आणि दर वेळी नवा जनरेटर आल्यावर ते तपासून बदलावे.

आपले,
अणुवैद्यक व शल्यचिकित्सा क्षेत्रातील काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ, मुंबई